परळचा यमन

लहानपणी माझी अशी ठाम समजूत होती की यमन नावाचा देश परळला आहे.

या समजुतीला कारण होतं. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते, की आपले पूर्वज फार जुन्या काळी गलबतांतून व्यापाराला आले, कुणी बसऱ्याहून, कुणी यमनहून. आणि आमचे बडे अब्बा, म्हणजे अब्बांचे वडील, सांगायचे की 'लाल-ए-यमन' परळला बनला. महाल परळला, बादशहा परळला, जिन्नही परळलाच. बडे अब्बा ऐन जवानीत लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, त्यामुळे परळबद्दल त्यांचा शब्द अखेरचा. या दोन गोष्टींची मी माझ्यापुरती सांगड घातली: आपण यमनचे, यमन परळला, म्हणजे आपण मूळचे परळचे. पाचवीत बाईंनी नकाशावर अरबस्तानच्या खालच्या टोकाला यमन दाखवला, तेव्हा बाईंची चूक सुधारायला मी हात वर केला होता. सगळा वर्ग हसला.

ही गोष्ट आत्ता आठवायचं कारण माझ्या वर्गातली एक मुलगी. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. नववीतली ही मुलगी हॅरी पॉटरची भक्त. पुस्तकं मिळतील तशी वाचलेली, सिनेमे मोबाइलवर पाहिलेले. लंडनजवळ लीव्हज्डनला, जिथे ते सिनेमे बनले त्याच स्टुडिओत, 2012 पासून सगळे सेट लोकांना बघायला खुले आहेत, हे तिला माहीत. न्यूझीलंडमध्ये माटामाटा गावाजवळ हॉबिटांची घरं जपून ठेवली आहेत आणि जगभरातले लोक तिथे जातात, हेही माहीत. एक दिवस तिने विचारलं, "टीचर, आपल्या मुंबईत एवढे पिक्चर बनले. जादूचे पण बनले असतील. त्यांचे सेट कुठे बघायला मिळतात?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. आणि याच मुलीबद्दल माझ्या मनात एक दुसरी गोष्टही सलत होती. काही आठवड्यांपूर्वी एका आंतरशालेय मराठी वक्तृत्व स्पर्धेत मी तिचं नाव दिलं होतं. विषय होता 'माझा परिसर'. तिने तयारी उत्तम केली होती, पण 'ळ' तिच्या जिभेवर बसत नाही. ती 'परल' म्हणाली. मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. ती पुढची दोन वाक्यं कशीबशी बोलली आणि खाली उतरली. नंतर एक परीक्षक माझ्याजवळ येऊन कौतुकाने म्हणाले, "तुम्ही मात्र मराठी छान बोलता हं." अशी शाबासकी मी वीस वर्षं ऐकत आले आहे. ज्यांना ती मिळते त्यांना ठाऊक आहे, की तिच्या पोटात एक प्रश्न असतो: तुम्ही मूळच्या कुठल्या?

म्हणून मी ठरवलं, की या मुलीला सेट दाखवायचे. म्हणजे सेटच्या जागा. एका रविवारी मी, त्या वर्गातल्या चार मुली आणि सोबतीला एकीची अम्मी, अशा सहा जणी सकाळी चर्नी रोडला उतरलो.

सुरुवात गिरगावातून केली. पूर्वीच्या सँडहर्स्ट रोडवर, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर, कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ होतं. तिथे 3 मे 1913 रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांनी पहिल्यांदा पैसे देऊन पाहिला. आज तिथे उभं राहून काही दिसत नाही, दुकानं आणि गाड्या दिसतात. मुलींचे चेहरे पडले. मी म्हटलं, थांबा, आज दिवसभर असंच होणार आहे. आपल्याला दिसणारं थोडं आहे, ऐकायचं जास्त आहे.

तिथून जगन्नाथ शंकरशेट मार्गावर मॅजेस्टिकला आलो. आता मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे, पूर्वी इथे मॅजेस्टिक सिनेमा होता. 14 मार्च 1931 रोजी याच थिएटरात 'आलम आरा' लागला, भारतातला पहिला बोलपट. चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं आणि गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, असं सांगतात. हा सिनेमा कशाबद्दल होता, हे मात्र फार थोड्यांना आठवतं. ती एक परीकथाच होती. कुमारपूर नावाचं कुठल्याही नकाशात नसलेलं राज्य, राजाच्या दोन राण्या, नवबहार आणि दिलबहार, एका फकिराची भविष्यवाणी, शहजादा आणि बंजाऱ्यांत वाढलेली मुलगी. म्हणजे आपला सिनेमा बोलायला लागला तोच मुळी दास्तान सांगत.

शहजाद्याचं काम केलं मास्टर विठ्ठल यांनी. इथे मी त्या मुलीला जवळ बोलावलं. मास्टर विठ्ठल हे मराठी नट. कोल्हापूरच्या सिनेमातून मुंबईला आलेले, मूकपटांतल्या मारामाऱ्यांचे राजे. शारदा कंपनीशी त्यांचा करार होता. तो सोडून ते 'आलम आरा'कडे आले म्हणून कंपनीने त्यांना कोर्टात खेचलं. त्यांची बाजू मांडली बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी, आणि विठ्ठल सुटले. पण पुढचा पेच कोर्टाच्या हातातला नव्हता. बोलपटाची भाषा उर्दू-हिंदुस्तानी, आणि विठ्ठल यांच्या जिभेला ती वळेना. तेव्हा त्यांना बराच वेळ गुंगीत किंवा मंत्राच्या अंमलाखाली ठेवण्यात आलं, म्हणजे बोलावंच लागू नये, असं जुने जाणकार लिहून गेले आहेत.

मुली खो खो हसल्या. ती हसली नाही. तिने विचारलं, "मग त्यांना काढलं नाही?" नाही काढलं. नट आपला आहे आणि भाषा अडते आहे, तर गोष्टीत थोडी जादू वाढवू, असं ठरवलं. पुढे भाषेच्या अडचणीमुळे हिंदी बोलपटांत त्यांचं स्थान पहिल्यासारखं राहिलं नाही, हेही खरं आणि तेही मी सांगितलं. पण भारताच्या पहिल्या बोलपटाचा नायक हा उर्दू नीट न येणारा मराठी माणूस होता, ही गोष्ट उर्दू माध्यमातल्या, मराठी नीट न येणाऱ्या मुलीला कुणीतरी सांगायलाच हवी होती.

त्याच सिनेमातली नायिका झुबेदा. तिची आई फातमा बेगम. त्या उर्दू रंगभूमीवरून सिनेमात आल्या. 1926 मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि 'बुलबुल-ए-परीस्तान' नावाचा सिनेमा दिग्दर्शित केला. भारतात सिनेमा दिग्दर्शित करणारी ही पहिली बाई, आणि तिने निवडलेला विषय होता पऱ्यांचा देश. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी याच मुंबईत एका मुसलमान बाईने कॅमेऱ्याच्या करामती वापरून परीस्तान उभं केलं होतं. चौघींपैकी एकीनेही तिचं नाव ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर बीएड होईपर्यंत मीही ऐकलं नव्हतं. तो सिनेमा आज उपलब्ध नाही. 'आलम आरा'चीही एकसुद्धा प्रत शिल्लक नाही.

प्रार्थना समाज, ऑपेरा हाऊस करत आम्ही केनेडी पुलापाशी पोहोचलो. इंपीरियल कंपनीचा स्टुडिओ, जो पुढे ज्योती स्टुडिओ म्हणून ओळखला गेला, तो इथे होता. 'आलम आरा' इथेच चित्रित झाला. पुलावर उभं राहून आम्ही खालून जाणाऱ्या लोकल पाहिल्या. रूळ इतके जवळ, की दिवसा चित्रण करणं अशक्य. आवाज तेव्हा चित्रणाच्या वेळीच नोंदवावा लागे, नंतर बसवायची सोय नव्हती. मग अर्देशिर इराणींनी शेवटची गाडी गेल्यावर, रात्री एक ते पहाटे चारच्या दरम्यान काम चालवलं. मायक्रोफोन नटांच्या आसपास कुठेतरी लपवून ठेवलेले असत. कुमारपूरचा दरबार असा रोज रात्री तीन तास भरायचा आणि पहिल्या लोकलबरोबर उठायचा. मुलींना हे फार आवडलं. एक म्हणाली, "सिंड्रेलासारखं."

हा सगळा भाग नाटकांचा. ग्रँट रोडच्या थिएटरात 1853 साली विष्णुदास भावे यांनी आपले मराठी खेळ केले, आणि त्याच वर्षी 'राजा गोपीचंद'चा खेळ हिंदुस्तानीतही केला. म्हणजे आज मराठी रंगभूमीचे जनक म्हणून ज्यांना आपण मान देतो, त्यांना गल्ला पेटीत पडण्यासाठी दुसऱ्या भाषेचं वावडं नव्हतं. त्यानंतर इथेच पारशी मंडळींनी उर्दू नाटकांचा जम बसवला. पऱ्या, जिन्न, फकीर, तिलिस्म हा सगळा सरंजाम त्या नाटकांतून थेट सिनेमात आला. मराठी वाचकालाही तो नवा नव्हता. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेलं आणि पुढे विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांच्या हातून पुरं झालेलं 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठी घरांत एकोणिसाव्या शतकातच पोहोचलं होतं. अलादिन आमच्या मोहल्ल्यातून सदाशिव पेठेत गेला नाही, तो तिथे स्वतंत्रपणे राहायला होता.

ग्रँट रोडहून स्लो लोकलने दादर. पूर्वेला दादासाहेब फाळके मार्ग. तेव्हा हा दादर मेन रोड होता आणि इथल्या एका बंगल्यात फाळक्यांनी 1912 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' चित्रित केला. बाईचं काम करायला कुणी बाई तयार होईना, म्हणून ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातला आचारी, अण्णा साळुंके, राणी तारामती झाला. मुलींना मी आणखी एक गोष्ट सांगितली. फाळके सिनेमाकडे वळण्याआधी जादूचे प्रयोग करत. नाव घेतलं होतं 'प्रोफेसर केळफा', आपलंच आडनाव उलटं करून. 'राजा हरिश्चंद्र'च्या शेवटी देव प्रकट होतो तो याच हातचलाखीच्या पोटी. त्याच रस्त्यावर पुढे रणजीत स्टुडिओ. चंदुलाल शहा आणि गोहर यांनी तो नावारूपाला आणला. गोहर म्हणजे बोहरा घरातली गोहर मामाजीवाला. एकाच रस्त्यावर एक चित्पावन किंवा देशस्थ शोधायला जा, तिथे एक बोहरीण सापडते.

दादरला डबे सोडले, खाल्लं, आणि आंबेडकर रोडने बस पकडून परळला आलो. डॉ. एस. एस. राव मार्गावर राजकमल स्टुडिओ आहे. व्ही. शांतारामांनी 1942 मध्ये इथे राजकमल कलामंदिर सुरू केलं. पण मी मुलींना त्याच्याही आधीची गोष्ट सांगायला आणलं होतं. ही जागा त्यापूर्वी वाडिया मूव्हीटोनची होती. जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध असलेल्या वाडिया घराण्याचा इथे लवजी कॅसल नावाचा जुना वाडा होता. त्या आवारात जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या भावांनी 1933 साली स्टुडिओ थाटला. पहिलाच बोलपट 'लाल-ए-यमन', आणि 1935 साली त्याच मालिकेत 'नूर-ए-यमन'.

म्हणजे बडे अब्बा खोटं बोलत नव्हते. यमन परळलाच होता.

गोष्ट साधी. सावत्र आईच्या कारस्थानामुळे शहजाद्यावर आळ येतो, तो कैदेत पडतो. एक फकीर त्याला असा खंजीर देतो, की जवळ असला तर माणूस कुणाला दिसत नाही. मग जिन्नाशी झुंज, शहजादीची सुटका. बडे अब्बांना ही गोष्ट शेवटपर्यंत पाठ होती. ते म्हणायचे, "तो खंजीर मला मिळाला असता तर जॉबरच्या डोळ्यांसमोरून रोज अर्ध्या पाळीला घरी आलो असतो." हसून सांगायचे, पण मला वाटतं गिरणगावाने ही गोष्ट का उचलून धरली ते त्यात आहे. दहा तास साच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला उगीच आळ येणं आणि वरच्याच्या नजरेत असणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही.

आता ही गोष्ट लिहिली कुणी? 'आलम आरा' आणि 'लाल-ए-यमन', दोन्हींच्या मागे एकच लेखक होता, जोसेफ डेव्हिड. पूर्ण नाव जोसेफ डेव्हिड पेणकर. आडनाव नीट वाचा. पेणकर, म्हणजे आपल्या रायगडातल्या पेणचे. ते बेने इस्राएल होते, कोकणातले ज्यू. त्यांच्या समाजाची आठवण अशी, की पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, वाचले ते तिथेच राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' झाले. मातृभाषा मराठी. आमच्या घरातल्या गलबताच्या गोष्टीची ही सख्खी बहीणच.

तेव्हा हिशेब असा: यमनची दास्तान लिहिली पेणच्या मराठी ज्यूने, उर्दू ढंगात. पैसा आणि दिग्दर्शन पारशी वाडियांचं. वाडियांच्या या काळातल्या सिनेमांना संगीत मास्टर मोहम्मद यांचं. गाणारा कोवळा मुलगा फिरोज दस्तूर, जो पुढे किराणा घराण्याचा नामवंत गवई झाला. 'नूर-ए-यमन'मध्ये शहजादी परीजाद झाली ती ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स, जिला त्याच वर्षीच्या 'हंटरवाली'ने साऱ्या देशात नादिया केलं. आणि बघायला लालबाग-परळच्या गिरण्यांतून सुटलेली पाळी. यात 'मूळचा' कोण, ते मला कुणी सांगावं.

मी या सगळ्याला सोनेरी मुलामा देत नाही. त्या सिनेमांतला यमन खरा नव्हता. त्यात मुसलमान म्हणजे मखमली अंगरखा, फेटा, गुलाम आणि नाचणाऱ्या बांद्या. भाकरी आणि कालवण खाणारा, मराठी-कोकणी बोलणारा, साचा चालवणारा मुसलमान त्यात कधी आला नाही. पडद्यावर आम्हाला इतक्या वेळा दूरच्या देशात पाहिलं गेलं, की शेजारच्या खोलीतला मुसलमानही लोकांना दूरचा वाटू लागला असेल, तर त्यात या दास्तानींचा थोडा वाटा आहे. आमच्या घरातही सगळ्यांना सिनेमा मान्य नव्हता. बडे अब्बांच्या अम्मीला जिन्नांची टवाळी गुन्हा वाटायची. पण ते अंगरखे शिवले इथल्या शिंप्यांनी, तो महाल ठोकला इथल्या सुतारांनी. परकं दिसावं म्हणून आपल्याच लोकांनी रंगवलेलं ते परकेपण होतं. हा फरक मुलींना कळावा एवढीच माझी इच्छा.

वाडिया इथून गेले, पण गोष्ट थांबली नाही. होमी वाडियांनी बसंत पिक्चर्स काढून पुढे चेंबूरच्या स्टुडिओतून 'अलादिन और जादुई चिराग' (1952), 'अलीबाबा और चालीस चोर' (1954) आणि 'हातिमताई' (1956) काढले. 'अलादिन'मध्ये मीनाकुमारी होती, 'हातिमताई'त हातिम झाले तेलुगू जयराज. खरा हातिम हा तय्य कबिल्याचा अरब कवी, दानशूरपणासाठी नावाजलेला. तो इस्लामच्या आधी होऊन गेला, मुसलमान नव्हता. तरी त्याची मुलगी कैदेत आली तेव्हा बापाच्या सद्गुणांची आठवण ठेवून पैगंबरांनी (स.) तिला सन्मानाने मुक्त केलं, हे सीरतमध्ये येतं. माणूस कुठल्या गटातला, यापेक्षा तो कसा वागला, हे पाहायची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

स्टुडिओच्या फाटकाबाहेर आम्ही उभ्या होतो. आत जायची परवानगी मागितली नव्हती, आणि मागून उपयोगही नव्हता. यमन आत नाहीच. सेटचं काम संपलं की फळ्या निघतात आणि दुसऱ्या महालाला लागतात. लीव्हज्डनला ते जपले, कारण जपल्यावर पैसे मिळतील हे उमगलं. आपल्याकडे एका सिनेमाची फळी दुसऱ्याला लागली, रीळ गेलं, थिएटर गेलं, मग गिरणीही गेली. आजूबाजूला वर पाहिलं की काचेचे टॉवर दिसतात. नशिबाने 'लाल-ए-यमन' तेवढा टिकला आहे.

कोपऱ्यावर चहा घेतला. टपरीवर एक वयस्क गृहस्थ बसले होते. ती मुलगी आपणहून त्यांच्याकडे गेली आणि मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही परलचेच का? इथे आधी वाडियांचा स्टुडिओ होता, तुम्हाला माहीत आहे?" काकांनी 'ळ'कडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, "परळचाच गो पोरी, जन्म इथला. शांतारामबापूंचा माहीत आहे. वाडियांचा तू सांग." आणि तिने सांगितला. खंजीर, फकीर, पेणकर, सगळं. मोडक्या मराठीत, दहा मिनिटं. काकांनी दुसरा चहा मागवला.

ज्यांना मुलं आहेत त्यांनी हा फेरा एकदा करावा. कोरोनेशन, मॅजेस्टिक, केनेडी पूल, फाळके मार्ग, राजकमल. एका दिवसात होतो, तिकीट लोकलचं आणि बसचं. पाट्या शोधू नका, गोष्टी बरोबर घेऊन जा.

जानेवारीत पुन्हा स्पर्धा आहे. मी तिचं नाव पाठवलं आहे. विषय तिने निवडला: 'परळचा यमन'. 'ळ' अजून पुरता बसलेला नाही. मास्टर विठ्ठल यांची उर्दूही बसली नव्हती.